तव्यावरचं प्रात्यक्षिक

रश्श्यात मीठ जास्त झालं तर बटाटा चिरून टाकावा. तिखट झालं तर नारळाचं दूध घालावं. पातळ झालं तर झाकण काढून आटवावं, दाट झालं तर आधणाचं पाणी ओतावं, आणि यातलं काहीच जमलं नाही तर ‘उद्या मुरलं की छान लागेल’ असं म्हणून पातेलं झाकून ठेवावं. आमच्या घरात मांस पिढ्यान्‌पिढ्या असंच शिजत आलं आहे. चूक करायला भरपूर वेळ, आणि ती निस्तरायला त्याहून जास्त. अशा घरात वाढलेल्या माणसाने स्टेकच्या वाटेला जाऊ नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

सांगितलं होतं म्हणा. बायकोने सांगितलं, आईने सांगितलं, बीफवाल्याने तर हातात सुरी धरून सांगितलं. पण मी शाळेत विज्ञान शिकवतो. सांगणं हे माझं काम आणि ऐकणं मुलांचं, अशी आमची वर्षानुवर्षांची वाटणी आहे.

या सगळ्याचं मूळ म्हणजे माझा मेव्हणा. तो पर्थला असतो आणि अधूनमधून नाताळात वसईला येतो. येताना चॉकलेटं आणतो आणि मतं आणतो. चॉकलेटं नव्या वर्षापर्यंत संपतात. एका नाताळात आईने केलेल्या मांसाच्या इंद्यालावर आडवा हात मारून झाल्यावर, बोटं चाटत, तो म्हणाला, “भावोजी, खरं सांगू? इथे तुम्ही लोक मांस शिजवत नाही. त्याला शिक्षा करता.” मग त्याने स्टेकवर व्याख्यान दिलं. बाहेरून खरपूस तपकिरी, आतून गुलाबी, मीठ आणि मिरपूड सोडून दुसरं काही नाही. रेअर, मीडियम रेअर, मीडियम, वेल डन, असे त्याचे वर्ग आणि तुकड्या. वेल डन मागणाऱ्याकडे तिकडे वेटर कसा बघतो, त्याचा अभिनयही त्याने करून दाखवला.

आई ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, “मग मसाला कधी घालतात?”

मी मात्र पेटलो. “यात काय मोठंसं आहे? पुढच्या खेपेला तुला याच घरात, याच शेगडीवर स्टेक खायला घालतो. बार्बेक्यू नाही, ओव्हन नाही. फक्त तवा,” मी म्हणालो. बायको भांडी गोळा करत होती. तिने हातातला चमचा थोडा जोरात ताटात टाकला, पण तेवढ्याने थांबेल असा माझा स्वभाव नाही.

पुढची खेप दोन वर्षांनी आली. दोन वर्षं म्हणजे तयारीला भरपूर वेळ. तो वेळ मी माझे विद्यार्थी वापरतात तसाच वापरला आणि पुस्तक उघडलं नोव्हेंबरात.

आता महाराष्ट्रात राहून स्टेक करायचा तो कशाचा, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. आम्ही वसईचे ख्रिस्ती, आणि बीफ आमच्या स्वयंपाकघरात जुनं आहे. पोर्तुगीज इथे 1534 ते 1739 अशी दोनशेहून जास्त वर्षं राहिले. पावाची आणि मांसाला व्हिनेगर लावण्याची सवय त्यांनी आम्हाला लावली, पण स्टेकची कृती तेवढी शिकवून गेले नाहीत. गोहत्याबंदीचा मूळ कायदा 1976 चा. त्यात बैल आणि वळू यांची भर घालणारं विधेयक 1995 साली मंजूर झालं आणि त्यावर राष्ट्रपतींची सही झाली थेट 2015 साली. त्या बंदीत म्हैस नाही. म्हणून आज आमच्याकडे बीफ म्हटलं की ते म्हशीचं असतं. मेव्हणा ज्याच्या गोष्टी सांगतो ते धान्यावर पोसलेल्या गुरांचं मांस. त्यात चरबीच्या पांढऱ्या रेषा जाळीने पसरलेल्या असतात आणि तव्यावर त्याच विरघळून मांस ओलं ठेवतात. म्हशीचं मांस गडद लाल आणि फार कमी चरबीचं. म्हणजे ज्या परीक्षेत मेव्हण्याला ग्रेस मार्क मिळतात, तिला मी ग्रेसशिवाय बसणार होतो. हे मला आज कळतं. तेव्हा मी ‘मांस ते मांस’ या तत्त्वाचा माणूस होतो.

स्टेकला लागतं ते अंडरकट. पाठीच्या कण्याखाली, कमरेच्या भागात दोन लांबट पट्टे असतात, त्यांना हे नाव आहे. जनावर चालतं, बसतं, उठतं, मान हलवतं, शेपटीने माश्या वारतं. या कशातही या स्नायूला फारसं काम पडत नाही. म्हणून तो सगळ्यात मऊ आणि म्हणूनच सगळ्यात महाग. सर्वांत कमी काम करणाऱ्याचा भाव सर्वांत जास्त, हा नियम मी जनावराबाहेरही लागू पडताना पाहिला आहे, पण तो विषय वेगळा.

बीफवाल्याचा मुलगा माझ्या हाताखालून गेलेला, त्यामुळे तिथे मला मान आहे. भल्या सकाळी गेलो. त्याने लाकडी ओंडक्यावर अख्खं अंडरकट आडवं टाकलं. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळतं, आणि वरून चंदेरी चकाकणारा पापुद्रा. सुरीचं टोक त्या पापुद्र्याखाली सरकवून, धार जराशी वर रोखून, त्याने तो एका लांब ओढीत सोलून काढला. मांसाचा कणही त्याला चिकटून गेला नाही. असं काही बघितलं की हे आपल्यालाही जमेल, असं मला उगीचच वाटू लागतं.

“चिली फ्राय के लिए ना, सर?” असं म्हणत त्याने बारीक पट्ट्या पाडायला सुरुवातही केली.

“नाही, नाही! स्टेक. दीड इंच जाड.”

त्याची सुरी थांबली. “डेढ इंच? सर, अंदर तक पकेगा नहीं.”

“तसंच पाहिजे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना तो असाच पाहायचा. मग दीड इंचाचे तुकडे पाडून पिशवीत भरले आणि वर सांगितलं, “एक काम करना. इसको पपई मत लगाना. मक्खन है ये.”

मी घरी आलो आणि पपई लावली.

त्यालाही माझ्याकडे कारण होतं. इमारतीच्या मागे पपईचं झाड आहे. कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनांच्या साखळ्या तोडतं आणि चिवट मांस मऊ पडतं. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. मऊ मांसाला पपई लावली तर ते आणखी मऊ होईल, हा माझा पुढचा तर्क. वाटलेली पपई तुकड्यांना चोळली आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी तुकडा उचलायला गेलो तर त्याच्यात माझी बोटं उतरली. तव्यावर त्याचं पिठलं झालं. कातडं नाही, हाडं नाही, आकार नाही. मांजराने ते खाल्लं, पण संशयाने.

ती रंगीत तालीम होती, असं मी घरात जाहीर केलं.

मग मी शास्त्राकडे वळलो. आमच्या प्रयोगशाळेत एक काचेचं उपकरण आहे, लीबिग कंडेन्सर. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगचं नाव मी मुलांकडून पाठ करून घेतो. या थोर माणसाने 1847 च्या सुमारास मांसाच्या रसायनशास्त्रावरही लिहिलं आणि सांगितलं की मांसाचा पृष्ठभाग आधी भरपूर तापवला की एक कवच तयार होतं आणि आतला रस आतच कोंडला जातो. मला हे फार आवडलं. आमच्याच प्रयोगशाळेतला माणूस! मी बायकोला समजावलं, आईला समजावलं, स्टाफरूममध्ये एका शाकाहारी सहकाऱ्यालाही समजावलं. आणखी वाचत गेलो तेव्हा कळलं की ते सपशेल चूक आहे. कवच वगैरे काही नसतं. मांस तव्यावर टाकल्यावर जो चर्रर्र आवाज येतो तो बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाफ होण्याचाच असतो, आणि भाजून तपकिरी झालेल्या तुकड्यातूनही तो शेवटपर्यंत येतच राहतो. रस कोंडला गेला असता तर तवा गप्प झाला असता. इतकी साधी गोष्ट. वर्षानुवर्षं फोडणीचा आवाज ऐकणाऱ्या कुठल्याही बाईने लीबिगला ती सांगितली असती, पण त्याने विचारलं नाही.

तव्याच्या उष्णतेने मिळतं ते दुसरंच काही. मायार नावाच्या फ्रेंच माणसाने 1912 साली अमिनो आम्लं आणि शर्करा एकत्र तापवल्या, तेव्हा मिश्रण तपकिरी झालं. तो स्वयंपाक करत नव्हता, शरीरात प्रथिनं कशी बनतात ते शोधत होता. पण भाजलेल्या मांसाचा तो वास, पावाच्या वरच्या भागाचा रंग, वाटणासाठी भाजलेल्या कांद्याची चव, या सगळ्यामागे त्याची ही अभिक्रिया मोठ्या प्रमाणात आहे. ती वेगाने व्हायला साधारण 140 अंशांच्या वर तापमान लागतं. आणि मांसाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो 100 अंशांच्या वर जात नाही. पाणी उकळत असताना तापमान स्थिर राहतं, हा सातवी-आठवीतला धडा आहे. एक ग्रॅम पाणी 20 अंशांवरून 100 वर न्यायला 80 कॅलरी पुरतात, पण त्याची वाफ करायला आणखी 540 लागतात. बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा. हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी मी सांगेन.

नाताळ झाल्यावर दोन दिवसांनी मेव्हणा सहकुटुंब जेवायला आला, तेव्हा मी मांस नळाखाली धुऊन घेतलं.

अहो, धुतलंच. आमच्याकडे मांस धुतात. मांस, मासळी, तांदूळ, पालेभाजी, सगळं धुतात. हाताला सवय आहे, आणि हाताला अप्रकट उष्मा शिकवलेला नाही. धुतलेल्या तुकड्यांना मी मीठ चोळलं आणि पाव तास तसेच ठेवले. तेही नेमकं चुकीचं. मीठ एकतर तव्यावर टाकण्याच्या अगदी आधी लावावं, नाहीतर पाऊण तास आधी. पाऊण तासात मिठाने ओढून काढलेलं पाणी मांसात परत मुरतं. पाव तासाला ते सगळं वर आलेलं असतं. माझ्या तुकड्यांवर दवबिंदू चमकत होते. मला वाटलं, ताजेपणा.

तवा आईचा होता. बिडाचा, जड, तिच्या सासूकडून आलेला. वर्षानुवर्षांच्या तेलाने काळा कुळकुळीत झालेला, ज्याच्यावर घावन टाकला तर स्वतःहून सुटतो असा. स्टेकला बिडासारखं दुसरं काही नाही, कारण जड धातू उष्णता धरून ठेवतो आणि गार मांस टाकलं तरी एकदम मान टाकत नाही. हे मी आईला पटवून दिलं होतं. तिची अट एकच होती: मी साबण लावायचा नाही. ती अट मी पाळली. त्या संध्याकाळी मी पाळलेली ती एवढी एकच गोष्ट.

तवा तापला. तेलातून धुराची पहिली रेघ निघाली. इथवर पुस्तकाबरहुकूम. मी पहिला तुकडा टाकला आणि असा खणखणीत चर्रर्र झाला की बाहेरच्या खोलीतली बोलणी थांबली. मेव्हणा हातात ग्लास घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. प्रेक्षक आला म्हणून मी दुसरा टाकला, तिसरा टाकला, आणि जागा होती म्हणून चौथाही कोंबला.

“भावोजी, एकेक करून…”

“मला माहीत आहे.”

आवाज बदलला. चर्रर्रचं खदखद झालं. चारही तुकड्यांनी पाणी सोडलं, आणि तव्यावर मांस भाजायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडू लागलं. गुलाबी होतं ते करड्या रंगाचं झालं. मी गॅस मोठा केला; तो मोठाच होता. मग उलथन्याने तुकडे दाबले. दाबल्यावर आणखी पाणी आलं. माझ्या डोळ्यांपुढे 540 हा आकडा फळ्यावर लिहिलेला दिसत होता, माझ्याच अक्षरात.

पाणी आटेपर्यंत बराच वेळ गेला. तोवर आत काय झालं असेल, हे बघायला थर्मामीटर हवा. स्टेकच्या पोटात खुपसायचा असतो, टोकदार. मीडियम रेअर म्हणजे 54 ते 57 अंश. तसला थर्मामीटर मी मागवायचा राहून गेला होता. शाळेतला पाऱ्याचा आणावा असं एकदा मनात आलं होतं, पण त्यावर बायकोने जे सांगितलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. उरला घरातला तापाचा, डिजिटल. मी सुरीने एका तुकड्याला चीर दिली आणि तो आत घातला. क्षणभर आकडे पळाले, मग ‘टीं टीं टीं’ झालं आणि पडद्यावर एकच अक्षर आलं: एच. हा थर्मामीटर माणसांसाठी केलेला. 43 अंशांच्या पुढे काय होतं यात त्याला रस नाही, कारण तोवर माणूसच उरत नाही. दुसऱ्या तुकड्यात घातला. एच. तिसऱ्यात. एच.

बाहेरून आईने विचारलं, “कुणाला ताप आलाय?”

मेव्हण्याने ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

आता निदान रंग तरी यावा म्हणून मी शेवटचं अस्त्र काढलं. व्हिडिओत शेवटी लोणी आणि ठेचलेला लसूण टाकून, तवा कलता करून, ते फेसाळतं लोणी चमच्याने मांसावर घालतात. दिसायला फार देखणं. मी भलामोठा गोळा टाकला. लोण्यात दुधाचे घन कण असतात आणि ते 150 अंशांच्या आसपासच करपू लागतात. माझा तवा आता कोरडा ठणठणीत झाला होता आणि त्याच्या कितीतरी पुढे पोचला होता. गोळा फेसाळलाच नाही. तो थेट काळा झाला, लसूण त्याच्याबरोबर गेला, आणि जो धूर उठला त्यात मला समोरची खिडकी दिसेना. डोक्यावर चिमणी आहे, पण तिची नळी बाहेर काढलेलीच नाही. ती धूर आत ओढते, जाळीतून गाळते आणि परत आमच्याच अंगावर सोडते. बिडाचा तवा इतका जड, की कलता करताना मनगट वळलं आणि लोण्यातलं जे थोडं जळायचं राहिलं होतं ते बर्नरवर सांडलं. हातभर ज्वाळा उठली. मेव्हण्याच्या धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे होते. वायरिंग जळतंय का, विचारत होते. त्यांच्या मागे वॉचमन, वाळूची लाल बादली घेऊन. सोसायटीने ती बादली बसवल्यापासून पहिल्यांदाच कुणी हुकावरून काढली असेल. कारण तिच्यातल्या वाळूत गुटख्याच्या पुड्या होत्या.

“काही नाही, स्वयंपाक चाललाय,” बायको म्हणाली. ते जाईनात. तेव्हा तिने जोडून सांगितलं, “हे करतायत.” मग गेले.

आम्ही जेवायला बसलो. उकडलेले बटाटे, फरसबी, पाव आणि मधोमध त्या कोळशाच्या रंगाच्या चार वस्तू, मोठ्यांना अर्धी-अर्धी. तेव्हा ध्यानात आलं की आमच्या घरात धार असलेली सुरी एकच आहे. बाकी सगळं विळीवर होतं. मग ती सुरी टेबलावरून फिरू लागली. एकाने आपला तुकडा कापायचा, जोर लावून, कोपर उचलून, आणि शेजाऱ्याला द्यायची. तोवर इतरांनी बटाटा खायचा. चर्चमध्ये दानाची पिशवी फिरते त्या गांभीर्याने सगळं चाललं होतं. कुणी बोलत नव्हतं, कारण तोंडं रिकामी होत नव्हती. शेवटी मेव्हण्याच्या थोरल्याने, संस्कारी मुलगा, माझ्याकडे बघून विचारलं, “काका, हे जर्की आहे का, ते वाळवलेलं मांस? मला जर्की खूप आवडते.”

मी हो म्हणालो.

अशा वेळी आमच्या घरात आई उठते. तिने एक शब्द न बोलता सगळ्यांच्या ताटांतले तुकडे गोळा केले, पदर खोचला आणि कुकर काढला. कांदा, आलं-लसूण, व्हिनेगर आणि उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला घरचा मसाला. मला हायसं वाटलं. बटाटा, नारळाचं दूध, आधणाचं पाणी, सगळं राज्य परत आलं. चार शिट्ट्या झाल्या. झाकण उघडलं तेव्हा घमघमाट सुटला, मेव्हण्याची बायको पहिल्यांदा हसली, आणि आम्ही पाव बुडवून खायला घेतलं. रस्सा अप्रतिम होता. मांस आधीपेक्षाही वाईट होतं. चावलं की सुकलेले धागे सुटून दातांत अडकत होते.

हा मला खरा धक्का होता. कुकरमध्ये मांस बिघडताना मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. नंतर शोधलं. खांद्याच्या, पायाच्या चिवट मांसात कोलॅजेन भरपूर असतं. पाण्यात बराच वेळ उष्णता मिळाली की त्याचं जिलेटिन होतं, म्हणून मटण शिट्ट्यांनी मऊ पडतं आणि रश्श्याला चिकटपणा येतो. अंडरकट काम करत नाही, म्हणून त्यात कोलॅजेन जवळजवळ नाही. विरघळायलाच काही नाही. त्याला आणखी उष्णता दिली की स्नायूंचे तंतू आकसतात आणि उरलंसुरलं पाणी पिळून बाहेर टाकतात. थोडक्यात, हा जनावराचा असा भाग आहे की त्याला माफी नाही. कुकरही देऊ शकत नाही.

आईने एक तुकडा चावून बघितला, ताटाच्या कडेला ठेवला आणि निकाल दिला, “म्हैस म्हातारी होती.”

मेव्हणा सभ्यपणे गेला. दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “भावोजी, धूर मात्र अगदी ऑस्ट्रेलियासारखा झाला होता.” जानेवारीत त्याने पोस्टाने एक टोकदार थर्मामीटर पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती.

मग मी गुपचूप, बायको बाजारात आणि आई दुपारी आडवी झालेली असताना, रविवार घालवले. त्याचा तपशील देत नाही. जे कळलं ते असं, की मांस धुवायचं नाही. मीठ लावून फ्रीजमध्ये उघडं ठेवायचं, रात्रभर असेल तर उत्तमच, म्हणजे वरचा भाग सुकतो. तव्यावर टाकण्याआधी कागदाने पुन्हा टिपायचं. एका वेळी एक तुकडा, फार तर दोन. लोण्याऐवजी साजूक तूप. त्यातले दुधाचे कण कढवताना आधीच गाळले गेलेले असतात, त्यामुळे ते सहज करपत नाही. ही गोष्ट तिकडचे शेफ मोठा शोध लागल्यासारखी सांगतात आणि आमच्या फडताळात ती बरणीभर असते. आणि ‘एकदाच उलटायचं’ हा नियम बिनबुडाचा आहे. मिनिटाभराने उलटत राहिलं तर दोन्ही बाजूंनी सारखी उष्णता जाते आणि मांस लवकर होतं. या शेवटच्या शोधाने मला खरा आनंद झाला, कारण तव्यावरची वस्तू नुसती बघत उभं राहणं मला जमतच नाही. 50 अंशांना उतरवायचं. ताटलीत ठेवल्यावर आतलं तापमान आणखी चार-पाच अंश चढतं.

परवा एक जमला. खरंच जमला. कापला तर कडेला पातळ तपकिरी पट्टा आणि आत या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी. ताटलीत जरासा लाल रस आला. ते रक्त नव्हे, मायोग्लोबिन नावाचं स्नायूंमधलं प्रथिन, असं मी मोठ्याने म्हणालो, जरी खोलीत कुणी नव्हतं. फोटो काढून पर्थला पाठवला. पलीकडून अंगठा आला.

तेवढ्यात आई उठून आली. वास लागला असणार. अमेरिकेचं कृषी खातंसुद्धा अशा अख्ख्या तुकड्याला 63 अंश आणि वर तीन मिनिटं विसावा सांगतं, म्हणजे तसं पाहिलं तर तेही आईच्या बाजूला. पण हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तिने चष्मा वर केला, ताटली खिडकीपाशी उजेडात नेली, काट्याने एक फोड उलटीपालटी करून नीट पाहिली, आणि खरोखर कौतुकाने म्हणाली, “छान दिसतंय रे. आता शिजव.”